तेनकाशीचा बसथांबा : एका तक्रारीची तेरा वर्षं

नोकरीतून बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांचे खटले लढवणाऱ्या वकिलांना सर्वोच्च न्यायालयाचा 30 नोव्हेंबर 2012 चा एक निकाल तोंडपाठ असतो. फौजदारी न्यायालयाने सोडून दिलं म्हणजे गेलेली नोकरी आपोआप परत मिळते का, एवढा एकच प्रश्न घेऊन ते त्याच्याकडे जातात आणि उत्तर मिळालं की पान मिटतात. मीही बरीच वर्षं तो तसाच शिकवला. शेवटची पानं नीट वाचली ती खूप नंतर, बसवाहकांच्या एका प्रशिक्षणासाठी टिपणं काढताना. तेव्हा लक्षात आलं की हा निकाल मुळात बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका बाईचा आहे, आणि आपण सगळ्यांनी तो तिचा छळ करणाऱ्या माणसाच्या नोकरीचा करून टाकला आहे.

म्हणून हे प्रकरण पुन्हा एकदा, या वेळी थांब्यापासून.

त्या रात्री काय झालं

तेनकाशी तेव्हा तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली जिल्ह्यात होतं. जवळच कुट्रालमचे धबधबे आहेत. पावसाळा सुरू झाला की तिथे पर्यटकांची रीघ लागते, पोलीस खास सीझनपुरती चौकी उघडतात आणि बंदोबस्ताला माणसं नेमतात. असाच बंदोबस्ताला पाठवलेला एक पोलीस 9 जुलै 1999 रोजी, शुक्रवारी, रात्री साडेआठला कुट्रालमच्या चौकीत हजर झाला. अकराच्या सुमारास मात्र तो दारूच्या नशेत तेनकाशी बसस्थानकाजवळच्या एका थांब्यावर होता. तिथे एक विवाहित स्त्री नवऱ्यासोबत बसची वाट पाहत उभी होती. तो तिच्याजवळ गेला, तिच्याशी असभ्यपणे वागला, आणि ती आपल्याबरोबर आली नाही तर नवऱ्यावर गुन्हा दाखल करीन अशी धमकी त्याने दोघांना दिली. आपण पोलीस आहोत हेही त्याने सांगितलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण सार्वजनिक वाहतुकीतल्या छळाची जवळजवळ सगळी लक्षणं या दोन-तीन मिनिटांत आहेत.

पहिलं म्हणजे, बसची वाट पाहणारं माणूस जागेला बांधलेलं असतं. रस्त्यावर कुणी मागे लागलं तर निदान पाय उचलून दुसऱ्या गल्लीत वळता येतं. थांबा सोडला तर बस जाते. रात्री अकराला गेलेल्या बसच्या मागून दुसरी येईलच याचा भरवसा नसतो. चालत्या बसमध्ये आणि लोकलच्या डब्यात तर हे बंधन आणखी घट्ट होतं. छळ करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. गर्दी हे त्याचं निमित्त असतं, पण त्याची खरी ताकद म्हणजे समोरची बाई तिथून हलू शकत नाही ही खात्री. 'तू तिथून निघून का गेली नाहीस?' हा प्रश्न विचारणाऱ्याने ही एवढीच गोष्ट लक्षात घेतली तरी तो प्रश्न त्याच्या तोंडून निघणार नाही.

दुसरं, ती एकटी नव्हती. 'रात्री एकटीने फिरू नये, कुणाला तरी सोबत घ्यावं' हा सल्ला तिने पाळलेला होता. सोबत असलेल्या नवऱ्यालाच त्या माणसाने ओलीस धरलं.

तिसरं मला सगळ्यात जड वाटतं. त्याने वापरलेलं हत्यार कायद्याचंच होतं. 'केस टाकीन' ही धमकी जो देतो त्याच्याविरुद्ध केस कुठे टाकायची?

रस्त्याच्या पलीकडचे दोघे

नवराबायको घाबरले, पण गप्प बसले नाहीत. बसस्थानकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दोन हेड कॉन्स्टेबल उभे होते. त्यांच्याकडे जाऊन यांनी घडलं ते सांगितलं. दोघेही लगेच आले. समोरचा आपल्याच खात्यातला आहे हे कळूनही त्यांनी त्याला ताब्यात घेतलं आणि नवराबायकोसह तेनकाशी पोलीस ठाण्यात नेलं. तिथे त्या स्त्रीची फिर्याद नोंदवली गेली. भारतीय दंड संहितेचं कलम 509 आणि तमिळनाडूच्या छेडछाड प्रतिबंधक कायद्याचं कलम 4 लागलं. आरोपीला सरकारी रुग्णालयात डॉक्टरांसमोर उभं केलं गेलं, आणि तो दारू प्यायलेला असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

अशा प्रकरणांत इतकी चांगली सुरुवात क्वचितच दिसते. तक्रार जागेवर झाली, आरोपी जागेवर सापडला, त्याची ओळख पटवण्याचा प्रश्नच नव्हता, वैद्यकीय पुरावा त्याच वेळी तयार झाला. पाळत नाही, कॅमेरा नाही, हेल्पलाइन नाही. दोन माणसं रस्ता ओलांडून आली, बस.

कायद्याचं बळ मात्र बेताचं होतं. कलम 509 खाली तेव्हा जास्तीत जास्त एक वर्षाची साधी कैद होती. तमिळनाडूचा स्वतंत्र कायदा नवाकोरा होता. 1998 मध्ये चेन्नईत छेडछाडीच्या एका घटनेत एका विद्यार्थिनीचा जीव गेला, राज्य हादरलं, आणि आधी अध्यादेश व मग कायदा आला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याला दात नाहीत असं म्हटलं. त्याच्या नावातही तेव्हा 'छेडछाड' याच अर्थाचा इंग्रजी शब्द होता. 2002 मध्ये तो काढून 'स्त्रियांचा छळ' हा शब्द घातला गेला. बदल कागदावरचा असला तरी मला तो महत्त्वाचा वाटतो. मराठीतही आपण 'छेड काढणे' म्हणतो तेव्हा त्यात गंमतीचा, खोडीचा सूर असतो. सतारीचीही तार छेडतात. 'तुझ्या बायकोला माझ्याबरोबर पाठव' याला छेड म्हणणं म्हणजे बोलण्याच्या पहिल्याच शब्दात आरोपीला सूट देणं.

खटला कुठे कोसळला

पुढे या प्रकरणाच्या दोन वाटा झाल्या. एक खात्यांतर्गत चौकशीची, दुसरी फौजदारी खटल्याची.

चौकशीत त्या पोलिसावर ड्युटी सोडून जाणं, मद्यधुंद अवस्थेत असणं आणि त्या स्त्रीशी गैरवर्तन करणं, असे आरोप ठेवले गेले. ते सिद्ध झाले आणि त्याला बडतर्फ करण्यात आलं. तेव्हा फौजदारी खटला अजून संपायचा होता.

त्या खटल्यात ती स्त्री आणि तिचा नवरा फितूर झाले.

आपल्या न्यायालयांत रूढ असलेला हा शब्द किती कठोर आहे! फितूर म्हणजे शत्रूला मिळालेला, किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणारा. ज्या बाईने रात्री अकराला, भर रस्त्यात, एका पोलिसाविरुद्ध दुसऱ्या पोलिसांकडे जाण्याची हिंमत केली, तिला आपली न्यायव्यवस्था साक्षीच्या पिंजऱ्यात हा शब्द चिकटवते. आरोपी पोलीस, तपास करणारे पोलीस, समन्स घेऊन दारात येणारेही पोलीस. प्रत्येक तारखेला घरचं, कामाचं सोडून न्यायालयात जायचं, बाकावर बसायचं, आणि नाव पुकारलं की अनोळखी पुरुषांनी भरलेल्या खोलीत त्या रात्रीचा प्रत्येक शब्द पुन्हा उच्चारायचा. एवढं करून मिळणार काय, तर झालीच शिक्षा तर फार तर एक वर्ष. अशा वेळी साक्ष फिरवणाऱ्या माणसाला दोष देण्याआधी मी विचारते, सगळा खटला तिच्या एकटीच्या खांद्यावर का होता?

कारण तसं असायची गरजच नव्हती. रस्ता ओलांडून आलेले ते दोन हेड कॉन्स्टेबल होते ना. त्यांनी आरोपीला जागेवर पाहिलं होतं, ताब्यात घेतलं होतं, ठाण्यात नेलं होतं. फिर्यादीने माघार घेतली तरी हे दोघे उभे राहून सांगू शकले असते की आम्हाला काय सांगण्यात आलं, आम्ही काय पाहिलं, तो कोणत्या अवस्थेत होता. सरकारी पक्षाने त्यांची साक्षच काढली नाही. सर्वोच्च न्यायालयाने निकालात या त्रुटीवर नेमकं बोट ठेवलं आहे. आरोपी सुटला.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. रस्त्यावर व्यवस्था चालली, कारण तिथे बाईच्या शब्दाला दोन माणसांनी लगेच खांदा दिला. न्यायालयात व्यवस्था कोसळली, कारण तिथे तो खांदा काढून घेतला गेला.

'सन्मानपूर्वक' सुटका

निर्दोष सुटल्यावर त्या पोलिसाने नोकरी परत मागितली. प्रशासकीय न्यायाधिकरणाने नकार दिला, मद्रास उच्च न्यायालयाने मात्र त्याच्या बाजूने कौल दिला. ज्या घटनेवरून खटला झाला त्याच घटनेवरून बडतर्फी झाली, खटल्यात सुटका झाली, तेव्हा बडतर्फी टिकत नाही, असा तो तर्क. पोलीस खात्याने याविरुद्ध अपील केलं आणि प्रकरण न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती दीपक मिश्रा यांच्या खंडपीठापुढे आलं.

खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. खात्याच्या चौकशीत शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढं पाहिलं जातं. साक्षीदार फितूर झाले, महत्त्वाचे साक्षीदार तपासलेच गेले नाहीत, आणि म्हणून आरोपी सुटला, तर ती 'सन्मानपूर्वक' सुटका नव्हे. सगळे पुरावे पाहून आरोप खोटे ठरले असते तर गोष्ट वेगळी. नियमात तशी तरतूद नसेल तर नुसत्या सुटकेने नोकरी परत मिळण्याचा हक्क तयार होत नाही. वकिलांना पाठ असतो तो हा भाग, आणि यावर मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही. एकच गोष्ट नोंदवते. तेरा वर्षांत त्या माणसाला जो काही परिणाम भोगावा लागला तो त्या वाटेने आला जिथे सगळं काही एका बाईच्या साक्षीवर टांगलेलं नव्हतं.

कुणी न मागितलेली पानं

अपिलात प्रश्न होता नोकरीचा. न्यायालय तिथे थांबू शकलं असतं. ते पुढे गेलं. सार्वजनिक जागेतला छळ हा संविधानाच्या अनुच्छेद 21 ने दिलेल्या सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भंग आहे असं सांगून, आणि थोड्या प्रयत्नांनी तो आटोक्यात आणता येण्यासारखा आहे असं नमूद करून, योग्य कायदा होईपर्यंत पाळायचे आठ निर्देश न्यायालयाने सगळ्या राज्यांना दिले. बसस्थानकं, थांबे, रेल्वे आणि मेट्रो स्थानकं, वाहनं अशा ठिकाणी साध्या वेशातल्या महिला पोलीस नेमा. मोक्याच्या जागी कॅमेरे लावा. तीन महिन्यांत महिला हेल्पलाइन सुरू करा. इशारा देणारे फलक लावा. हे निर्देश कमीअधिक प्रमाणात आज सगळीकडे दिसतात, कारण ते विकत घेता येतात. कॅमेऱ्याची निविदा निघते, फलक रंगवला जातो.

विकत न घेता येणारे निर्देश दोन होते, आणि ते दोन्ही माणसांबद्दल होते.

एक : सार्वजनिक वाहनात असा प्रकार घडला, मग तो प्रवाशाने केलेला असो वा वाहनावरच्या कर्मचाऱ्याने, तर पीडितेच्या तक्रारीवरून चालक-वाहकांनी वाहन थेट जवळच्या पोलीस ठाण्यात न्यायचं आणि पोलिसांना माहिती द्यायची. तसं केलं नाही तर वाहनाचा परवाना रद्द व्हावा. दुसरा : जाणाऱ्या-येणाऱ्यांवरही जबाबदारी आहे. असं काही दिसलं तर त्यांनीही पोलिसांना किंवा हेल्पलाइनला कळवायचं.

म्हणजे न्यायालयाने तेनकाशीच्या रस्त्यावर जे घडलं तेच नियम म्हणून लिहून काढलं. कुणीतरी रस्ता ओलांडून यायचं.

पहिल्या निर्देशाची मी कदर करते, आणि म्हणूनच त्यातली भगदाडंही बोलून दाखवायला हवीत. परवाना रद्द होण्याची भीती खासगी बसमालकाला असू शकते. राज्याच्या महामंडळाच्या गाडीचा परवाना राज्याचंच दुसरं खातं रद्द करील, या धाकाने कुठला वाहक गाडी वळवणार आहे? त्याला खरा धाक असतो तो वेळापत्रकाचा. आणि छळ करणारा चालक किंवा वाहकच असेल तर? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच स्वतःला ठाण्यात न्यावं, असं तो निर्देश सांगतो.

हा प्रश्न तर्कापुरता राहिला नाही. निकालानंतर बरोबर सोळा दिवसांनी, 16 डिसेंबर 2012 च्या रात्री, दिल्लीत एक तरुणी आणि तिचा मित्र थांब्यावरून एका खासगी बसमध्ये चढले. गाडी चालवणारे आणि आत बसलेले सगळे एकमेकांचे साथीदार होते. प्रवासी घेण्याचा त्या बसला अधिकारच नव्हता. पुढचं देशाला माहीत आहे. इथेही सोबत होती, थांबा होता, वाहन होतं. नव्हता तो रस्त्याच्या पलीकडचा दुसरा माणूस.

त्यानंतर कायदा वेगाने बदलला. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने लैंगिक छळ आणि पाठलाग हे स्वतंत्र गुन्हे झाले, विनयभंगाच्या गुन्ह्याला किमान एक वर्षाची शिक्षा आली आणि कलम 509 ची कमाल शिक्षा तीन वर्षांवर गेली. 1 जुलै 2024 पासून हे सगळं भारतीय न्याय संहितेत आहे : विनयभंग कलम 74, लैंगिक छळ 75, पाठलाग 78, आणि जुनं 509 आता 79.

तेनकाशीच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो या बदलांतला एक फारसा चर्चेत नसलेला भाग. या गुन्ह्यांत पीडितेचा जबाब शक्य तितक्या लवकर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवायची तरतूद 2013 मध्ये झाली, आणि ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 मध्ये आहे. पहिला जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. धावत्या गाडीत ठाण्यांच्या हद्दी मिनिटामिनिटाला बदलत असल्यामुळे प्रवासात याचं महत्त्व फार आहे. साक्षीदार संरक्षणाच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली. यातलं काहीही 1999 मध्ये त्या बाईच्या हाताशी नव्हतं.

तमिळनाडूने 2022 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. महिला प्रवाशाकडे रोखून पाहणं, शीळ घालणं, अश्लील हावभाव करणं असं वागणाऱ्या प्रवाशाला गाडीतून उतरवायचा किंवा पोलिसांच्या हवाली करायचा मार्ग वाहकाला मोकळा झाला. यातला 'किंवा' मला खुपतो. उतरवणं सोपं आहे, गाडीचा वेळ जात नाही, भांडण मिटतं. उतरवलेला माणूस मागच्या बसमध्ये चढतो आणि त्या बसमध्येही बायका असतात.

वाहकांच्या वर्गात

ही सगळी टिपणं घेऊन मी त्या प्रशिक्षणाला गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश वाचून दाखवला. मागच्या रांगेतला एक पन्नाशीचा वाहक उठून म्हणाला, "मॅडम, एक बेल मारून गाडी थांबवायला मला जड नाही. पण गाडी ठाण्याकडे वळवली की बाकीचे पन्नास जण माझ्या अंगावर येतात. कुणाला ड्युटी असते, कुणाची पुढची गाडी चुकते. आणि ठाण्याच्या दारात पोचेपर्यंत ती ताईच म्हणते, जाऊ द्या दादा, मला घरी जायचंय."

त्याचं म्हणणं खरं होतं. आम्ही मग तेनकाशीचं प्रकरण समोर ठेवूनच बोललो. ती ताई घरी गेली तरी वाहकाने जे पाहिलं ते पाहिलेलंच राहतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलिसांना कुणीही देऊ शकतं, त्यासाठी फिर्यादी पीडिताच असावी लागत नाही. नाव घालायचं की नाही हे तिला विचारावं, तिच्यावर जबरदस्ती करू नये. पण वेळ, मागचा आणि पुढचा थांबा, ती कुठे बसली होती, तो कुठे उभा होता, हे त्याच क्षणी लिहून ठेवावं, आगारात परतल्यावर नव्हे. तिच्या शेजारच्या दोन प्रवाशांना नाव आणि फोन नंबर विचारावा. पन्नासातले अठ्ठेचाळीस कुरकुरतील, दोघे देतील. 112 ला फोन गाडी चालू असतानाच करावा, म्हणजे ठाणं लांब असलं तर पोलीस वाटेत येतील आणि गाडीचा खोळंबा कमी होईल. बाईला पुढे, वाहकाच्या जवळच्या सीटवर बसवावं आणि आवाज चढवून त्या माणसाला दूर करावं. तो आवाज सगळ्या गाडीला ऐकू जाणं हेही कामाचंच असतं, कारण मग साक्षीदार एक राहत नाही.

एका महिला वाहकाने विचारलं, छळ तिचाच झाला तर? गर्दीत तिकीट काढताना हे तिला रोजचं आहे. तिच्यासाठी गाडी हे कामाचं ठिकाण आहे, आणि 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा बाहेरच्या माणसांकडून होणारा त्रासही महामंडळाची जबाबदारी मानतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

निघताना तो पन्नाशीचा वाहक दारात थांबला होता. सगळं लिहून घेतलेला कागद त्याने घडी करून खिशात ठेवला होता. म्हणाला, "मी लिहीन, नावंही घेईन. पण पुढे कोर्टात मला बोलावतील ना?"

तेनकाशीच्या त्या दोघांना बोलावलं नव्हतं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग मी स्वतःच जाऊन सरकारी वकिलाला भेटू का?"

"भेटा," मी म्हटलं, आणि त्याच्या कागदावर ते सगळ्यात शेवटी लिहून दिलं.